कुंभारवाड्याचे अलर्ट कुणी अडवले?

मित्रांनो, आज दुपारी कुंभारवाड्याहून रेशन दुकानदार शांताक्काचा फोन आला. "सकाळपासनं नेट न्हाई. मशीनवर अंगठा लागंना, रानातनं चालत आलेली माणसं रिकामी परत गेली. झोपलाय व्हय तुमी?"

तिथल्या नेटची देखभाल आमच्याकडे असूनही मला एकही अलर्ट आला नव्हता. नेट बंद पडल्यावर आमच्या मोबाइलवर अलर्ट पाठवणारं टूल मी आणि सहकारी प्रकाशने मिळून बसवलेलं. सेटिंग उघडलं, तर कुंभारवाड्याचे अलर्ट वाटेतच टाकून द्यायचा नियम प्रकाशने घातलेला. मला न विचारता.

"तिथलं नेट रोजच जातंय की! उगीच फोन वाजतोय," मी जाब विचारल्यावर तो हसला.

नियम मी काढला. शांताक्काला उत्तर द्यायचं राहिलंय. "बिघाड होता" म्हणणं सोपं आहे. पण तिच्या गावचे अलर्ट आमच्याच माणसाने मुद्दाम अडवले, हे तुम्ही तिला सांगितलं असतं का?