जन्मभर चुना लावणारे आजोबा

माझे आजोबा रंगारी. "अख्ख्या शहराला चुना लावला, पण एकानेही पोलिसांत तक्रार केली नाही," असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे. रंगकामात पडण्यापूर्वी ते फौजेत होते. लढाईबद्दल विचारलं की म्हणत, "तिथं दोनच कामं. हलेल त्याला सॅल्यूट, न हलेल त्याला चुना." त्यापुढे एक अक्षर नाही. मांडीवर गोळीचा व्रण होता, तोही आम्ही नातवंडांनी चोरूनच पाहिला.

मग आजीची नजर गेली. डॉक्टरांनी हात टेकले. ठळक रंग तेवढे कळत राहतील, म्हणाले. त्यातच ती स्वयंपाकघराच्या पायरीवरून पडली. थोरला काका आला तो बॅग घेऊनच. "आईला मी नेतो, बाबा. तुम्हाला एकट्याला नाही झेपायचं." त्याच्याकडे जागा एकाच माणसापुरती. म्हणजे आजी तिथे आणि आजोबा इथे. काका वाईट नव्हता, पण मला त्याचा असा राग आला होता!

"आठ दिवस दे मला," आजोबा म्हणाले. गुडघे कुरकुरत होते, तरी फरशीवर बसकण मारली. पायऱ्यांच्या कडा पिवळ्या, दारांच्या चौकटी काळ्या, गॅसची बटणं लाल, ओट्याची कड निळी. पण रेघेची काय बिशाद वाकडी जायची!

काकाने कपाळावर हात मारला. "हे घर आहे की सर्कस?"

आजीने चहा केला, ट्रे उचलला, पिवळ्या कडेपाशी पाऊल तोललं आणि काकाच्या आवाजाच्या रोखाने कप पुढे केला. थेंबभर सांडला नाही. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "अहो, कुठे गेलात? चहा गार होतोय."

आजोबा तिच्या समोरच उभे होते. पांढऱ्या भिंतीला टेकून, पांढऱ्या शर्टात.

काका रिकामी बॅग घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी बाजारातून लालभडक शर्ट आणले, एक नाही, चांगले चार. म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला म्हणून गल्ली हसली. "हसू देत," ते म्हणाले, "जिला दिसायचं तिला दिसतोय." पुढे दुसरा रंग त्यांनी अंगाला लागू दिला नाही.

ते गेले त्या दिवशी आम्ही त्यांच्यावर पांढरी चादर घातली. आजी चौकट धरून उभी राहिली, खोलीभर शोधत राहिली.

"चादर काढा रे ती," ती म्हणाली. "मला दिसत नाहीयेत ते."