खारीतून गोडीत

तेल्हाऱ्याकडच्या खारपाण पट्ट्यातलं ते गाव. जिथं खणाल तिथं खारट पाणी, डाळ शिजता शिजत नाही. अशा ठिकाणी जानरावला गोडं पाणी लागलं! त्या विहिरीचं नावच पडलं गोडी.

छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्याच उन्हाळ्यात गडी कुदळ घेऊन नाल्याकाठी उतरला, पाठोपाठ सगळा बौद्धपुरा. तोवर पुऱ्यातल्या बाया गावविहिरीच्या ओट्याखाली रिकाम्या घागरी मांडून बसायच्या, वरून कोणी ओतेल तेव्हा ओतेल. आपल्या विहिरीची पहिली घागर जानरावच्या बायकोनं, चतुराबाईनं, स्वतः शेंदली आणि ढसाढसा रडली.

मग सूत रंगवायचा कारखाना आला. त्याचं घाण पाणी टाकायचं कुठं? पंजाबराव पाटलाच्या वावरात एक जुनी खारी विहीर पडून होती. सभेत पाटील म्हणाला, "जानराव, तुमचा पुरा जवळ हाय, तुमी सांगा."

पहिल्यांदाच कोणी त्याला विचारत होतं! तो ऐटीत बोलून गेला, "खारीच त हाय पाटील. खाऱ्याचं आनखी काय बिघडनार? ओता!"

सगळे हसले. त्यात वावगं कोणालाच वाटलं नाही.

त्रेसष्टात सर्वेचे साहेब आले, घाण कुठं लवकर खाली मुरते त्याचा नकाशा करायला. पाण्याची पातळी मोजायला विहिरीविहिरीत फीत सोडायची, त्याला जानराव सोबत. संध्याकाळी शाळेच्या ओसरीत साहेबांनी नकाशा पसरला आणि खारीपासून गोडीकडं बाण ओढला.

"सायब, उलटा काढला तुमी. पानी इकडं कदीच येत नवतं."

"नव्हतं येत. पण ओतून ओतून खारीची पातळी चढली, जानराव. आता उतार तुमच्याकडं."

"पन इहिरी त येगयेगळ्या हायत न!"

"वरून वेगळ्या."

साहेबांनी गोडीवर लाल पेन्सिल फिरवली. जानराव नकाशावर वाकला. "आजच बंद केलं त?"

"करा बंद. पण खाली गेलेलं कोण काढणार?"

तो तसाच पाटलाकडं पळाला. पाटील पान लावत होता. "तूच म्हनला होता न बे, ओता म्हून? आता तुह्या नकाशापायी कारखाना उठवू काय?"

वैशाखात चतुराबाईनं घागर वर काढली, तर पाणी लालसर. "काहो, कोनी पिचकारी मारली काय याच्यात?"

जानराव बादली घेऊन उपसायला लागला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, हाताची सालटी निघाली. त्याला वाटलं उपसलं की निवळेल. पण जेवढं उपसावं तेवढं खारीकडून ओढून यायचं, आणखी लाल, आणखी कडू.

शेवटी एका सकाळी चतुराबाईनं घागर उचलली. तिच्या मागं जानरावही निघाला, पण गावविहिरीअलीकडच्या वडापाशीच थांबला.

विहिरीच्या ओट्यावर गावातली पार्बताबाई पाणी शेंदत होती. "काहो चतुरा, लई वर्सानं आठवन आली! तुमची गोडी आटली काय?"

"नाई बाई," चतुराबाई म्हणाली, "काठोकाठ भरेल हाय."

आणि ती खाली, जुन्याच जागेवर बसली. घागर पुढं सरकवली.