राजेसाहेबांची करंगळी

गल्लीच्या तोंडाशी जे इस्त्रीचं दुकान आहे, तिथल्या काकूंना धक्का बसलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. धक्के देण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. शर्टाची घडी मोडली म्हणून गिऱ्हाइकाने तक्रार केली, तर ‘आम्ही नाही मोडली, तुमच्या पोटाने मोडली’ असं त्या तोंडावर सांगायच्या. गिऱ्हाईक तणतणत जायचं आणि पुढच्या आठवड्यात कपड्यांचं बोचकं घेऊन पुन्हा हजर व्हायचं, कारण काकूंच्या नवऱ्यासारखी इस्त्री शहरात दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नव्हती. अशी ही बाई एका रविवारी सकाळी, गाणं ऐन रंगात आलेलं असताना, भरल्या सभागृहात आ वासून उभी राहिली आणि बसा म्हटलं तरी बसेना. त्याची ही गोष्ट.

काकूंच्या नवऱ्याला सगळी गल्ली ‘महाराज’ म्हणते. हे नाव काकूंनीच पाडलं. लग्न झालं तेव्हा ते राजवाड्यात कपड्यांच्या खोलीवर नोकरीला होते. राजेसाहेबांचे कोट, अंगरखे, झगे यांना इस्त्री करायची आणि कपाटात टांगायचे, एवढंच काम. पण झालं काय, राजेसाहेबांची उंची आणि खांदे, आणि आमच्या महाराजांची उंची आणि खांदे, अगदी एका मापाचे निघाले. राजेसाहेबांना शिंप्यासमोर उभं राहण्याचा भारी कंटाळा. मग कोट कच्चा शिवला की तो यांच्या अंगावर चढवायचा, टाचण्या यांना टोचायच्या, आणि तयार झाल्यावर कोट मात्र राजेसाहेबांनी घालायचा. पुढे एक चित्रकार आला. दरबारी पोशाखातलं पुरुषभर उंचीचं चित्र काढायचं म्हणजे न हलता बसणं आलं. राजेसाहेब एकदाच आले, तेही फक्त तोंड घेऊन. बाकी सगळ्या बैठकांना पोशाख चढवून खुर्चीत बसवलं ते यांना.

‘आज राजेसाहेबांच्या खुर्चीत बसलो,’ त्यांनी घरी येऊन नव्या नवरीला सांगितलं. नवी नवरी पोट धरून हसली. तिने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने आणखी चौघींना, आणि दिवे लागायच्या आत गल्लीला एक महाराज मिळाले. पोरं त्यांना मुजरे करू लागली. महाराज हसायचे आणि आपली पिशवी घेऊन घरात शिरायचे. त्यांना राग येतच नसे. काकू म्हणायच्या, दोघांचा मिळून राग माझ्याकडेच ठेवायला दिलाय.

पुढे राजवाडा बंद पडला. मोठ्या फाटकाला कुलूप लागलं, नोकर पांगले, आणि महाराजांनी इस्त्रीचं दुकान टाकलं. चित्र आतच राहिलं. मागच्या दाराने जाणाऱ्या नोकरांपैकी किती जणांनी ते पाहिलं असेल कुणास ठाऊक. काकूंनी तर राजवाड्याचं फाटकसुद्धा कधी ओलांडलं नव्हतं. त्यामुळे ती खुर्ची, तो पोशाख, तो चित्रकार, सगळं त्यांच्या लेखी थापांच्या गाठोड्यात जमा झालं. महाराज कधी कधी इस्त्री फिरवताना म्हणत, ‘तुझ्या हातचं काम टांगलंय राजवाड्यात.’

‘माझ्या हातचं? मी काय पडदे शिवून दिले होते?’

‘एकदा ते कुलूप निघू दे, दाखवतो.’

‘आधी ती पँट संपवा.’

आणखी एक सांगायला हवं. महाराजांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. वरच्या पेरापाशी ती बाहेर वळलेली, चार बोटांशी भांडून वेगळं बिऱ्हाड केल्यासारखी. कुणी विचारलं की काकू झटकन सांगत, ‘शिलाई मशीनमध्ये सापडली,’ आणि महाराज मान डोलवत.

मधे बरीच वर्षं गेली. मुलीचं लग्न झालं, तिची पोरं शाळेत जाऊ लागली, आणि एक दिवस बातमी आली की राजवाड्याची दुरुस्ती होऊन तिथे सांस्कृतिक केंद्र झालंय. दरबार हॉलमध्ये मैफली, तळघरात नाटकाच्या तालमी, घोड्यांच्या पागेत चित्रांची प्रदर्शनं. कुणीही तिकीट काढावं आणि पुढच्या दाराने आत जावं. महाराजांचा चेहरा असा उजळला की काकूंना वाटलं, यांना लॉटरी लागली की काय.

नेमका त्याच आठवड्यात नातवाचा वाढदिवस होता. मुलीच्या सासरी सगळे जमलेले. महाराजांनी कप खाली ठेवला आणि विहीणबाईंना म्हणाले, ‘आता तुम्हा सगळ्यांना नेऊन दाखवतो. चेहरा त्यांचा आहे, पण हात नीट पाहा, माझे हात...’

‘झालं सुरू!’ काकूंनी मधेच तोडलं. ‘यांच्या आयुष्यात खरे फक्त इस्त्रीचे चटके. बाकी सगळ्या थापा. जन्मभर ऐकतेय मी.’

खोलीभर हशा पिकला. विहीणबाई तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. महाराजही हसले. मग त्यांनी कप पुन्हा उचलला आणि रिकाम्या कपातून चहा प्यायल्यासारखं केलं.

त्यानंतर ते राजवाड्याबद्दल बोलले नाहीत. मग हळूहळू कशाबद्दलच बोलेनासे झाले. ‘हो’, ‘नाही’, ‘ठेव तिथे’, एवढ्यावर दिवस निघू लागला. काकूंना पहिले काही दिवस बरं वाटलं, घराला जरा शांतता. मग ती शांतता त्यांना खायला उठली. त्या मुद्दाम टोचून पाहायच्या, ‘काय महाराज, आज दरबार नाही?’ महाराज बाहीवर पाणी शिंपडायचे आणि इस्त्री फिरवायचे. एका पावसाळी दुपारी काकू दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि त्यांच्या मनात आलं, या माणसाने एक थाप मारली तर मी देवापुढे नारळ फोडीन. पण हे बोलून दाखवायचं कसं? माफी मागायची जीभ त्यांना दिलेलीच नव्हती. जी दिली होती ती दुसऱ्याच कामाची होती.

अशात विहीणबाईंनी रविवारच्या सकाळच्या मैफलीची तिकिटं आणली. ‘महाराजांना विचारा,’ त्या म्हणाल्या, ‘घरचाच कार्यक्रम आहे त्यांचा.’ महाराज म्हणाले, ‘तू जा.’ म्हणून काकू, त्यांची लेक आणि विहीणबाई अशा तिघी गेल्या.

आत शिरताना काकूंनी नाक मुरडायचं ठरवूनच ठेवलं होतं. जिना रुंद होता, तर त्या म्हणाल्या, ‘एवढा जिना झाडायला किती बायका मेल्या असतील!’ झुंबर पाहून म्हणाल्या, ‘धूळ कोण काढतं याची?’ दरबार हॉलमध्ये राजेसाहेबांच्या जागी आता लाकडी मंच होता, आणि समोर लग्नाच्या कार्यालयात असतात तशा खुर्च्या. तिघी मधल्या रांगेत बसल्या. गायिकेने डोळे मिटून लांबलचक सूर लावला. काकूंना गाण्यातलं काही कळत नसे. त्यांनी भिंतीकडे पाहायला सुरुवात केली.

मंचाच्या उजव्या अंगाला ते चित्र होतं.

आधी त्यांनी तोंड पाहिलं. राजेसाहेबच. मिशा, भुवया, रयतेकडे नाराजीने पाहणारे डोळे. मग पोशाख पाहिला. इस्त्री बरी आहे, त्यांनी मनात म्हटलं. मग त्यांची नजर उतरत उतरत मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताशी आली आणि तिथेच थांबली.

करंगळी वाकडी होती.

काकूंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. वरच्या पेरापाशी, बाहेरच्या अंगाला. अंगठ्याचं नख रुंद आणि चपटं. मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा चटका, अर्ध्या बोराएवढा. चित्रकाराला डोळे दिले होते, दरबारी अक्कल दिली नव्हती. समोर दिसलं ते त्याने रंगवलं होतं. ज्या हाताने त्यांच्या ताटात वाढलं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, लेकीला पाठवताना दाराची कडी घट्ट धरली होती, तो हात राजेसाहेबांच्या बाहीतून बाहेर आला होता.

काकू ताडकन उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘खाली बसा’ म्हणालं. लेकीने पदर ओढला. ‘आई, काय झालं? बरं वाटत नाहीये का?’ काकू आ वासून त्या हाताकडे पाहत राहिल्या. या खेपेला धक्का काकूंना बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

मध्यंतरात त्या एकट्याच व्हरांड्यात गेल्या. तिथे राजेसाहेबांचे फोटो लावले होते, जुने, काचेत. एकात ते रॅकेट धरून उभे होते, एकात बंदुकीवर डावा हात ठेवून. काकूंनी काचेला नाक लावलं. पाचही बोटं सरळ होती, नव्या पेन्सिलीसारखी. म्हणजे शंकेला जागाच राहिली नाही. त्या तिथल्या बाकावर बसल्या.

कारण करंगळी मशीनमध्ये सापडलीच नव्हती.

लग्नाला महिनाच झाला होता, चित्रकार अजून यायचा होता. कशावरून तरी भांडण झालं, कशावरून ते आता आठवतसुद्धा नाही, आणि काकू पत्र्याच्या ट्रंकेत साड्या भरून माहेरी निघाल्या. महाराजांनी वरची साडी बाहेर काढायला ट्रंकेत हात घातला. काकूंनी झाकण आपटलं. कट् असा आवाज आला. महाराज ओरडले नाहीत. साडी मात्र त्यांनी सोडली नव्हती. काकू माहेरी गेल्या नाहीत. सासूने विचारलं तेव्हा घाबरून त्यांच्या तोंडून निघालं, मशीनमध्ये सापडली. महाराजांनी मान डोलवली आणि ती जन्मभर डोलवत राहिले. ज्याचं थापाड्या म्हणून सगळ्यांसमोर हसं केलं, त्या माणसाने एकच खोटं आयुष्यभर जपलं होतं, आणि तेही काकूंचं.

तुझ्या हातचं काम टांगलंय राजवाड्यात. आणि ते जेव्हा जेव्हा ‘माझे हात’ म्हणायचे, तेव्हा तेव्हा आपण नेमकं तिथेच कसं तोडायचो, हेही काकूंना त्या बाकावर बसून दिसलं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

मैफलीचा दुसरा भाग त्यांनी ऐकला नाही. घरी परतताना रिक्षात विहीणबाई गाण्याबद्दल बोलत राहिल्या. लेकीने दोनदा आईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुकानात महाराज एका निळ्या शर्टाला इस्त्री करत होते. उजव्या हातात इस्त्री, डावा हात कापड ताणून धरणारा. विहीणबाई पाणी प्यायला म्हणून टेकल्या आणि सवयीने म्हणाल्या, ‘काय महाराज, तुमचं राज्य पाहून आलो! पण तुमची राणी तिथे खांबासारखी उभी. काय दिसलं त्यांना, विचारा जरा.’

महाराजांनी इस्त्री पुढे सरकवली. काकू सरळ त्यांच्यापाशी गेल्या, शर्टावरचा त्यांचा डावा हात उचलला आणि विहीणबाईंच्या डोळ्यांसमोर धरला.

‘हा दिसला,’ त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. ‘हा हात आहे त्या चित्रात. हे सांगत होते ते सगळं खरं होतं. अक्षर न् अक्षर. आणि ही करंगळी मशीनमध्ये नाही सापडली. मी मोडली. मी माहेरी निघाले होते, यांनी मला अडवलं, मी ट्रंकेचं झाकण आपटलं यांच्या हातावर. हाडाचा आवाज ऐकला होता मी. थापा यांच्या नव्हत्या, विहीणबाई. थाप माझी होती.’

विहीणबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. ‘आई?’ लेक म्हणाली. पण सगळ्यांत मोठा धक्का बसला तो महाराजांना. हे गुपित आपल्यासोबतच जाणार, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. ते बायकोकडे नुसते बघत राहिले. उजव्या हातातली इस्त्री होती तिथेच होती.

जळका वास आला तेव्हा लेकच ओरडली. महाराजांनी इस्त्री उचलली. निळ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी, टोकदार डाग उमटला होता. दुकान टाकल्यापासून त्यांच्या हातून गिऱ्हाइकाचा कपडा कधी जळला नव्हता.

‘जळाला गं,’ ते म्हणाले.

‘जळू दे. मी सांगीन त्याला.’ काकू रडत होत्या, आणि हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

महाराजांनी त्या हाताकडे पाहिलं. मग, कितीतरी महिन्यांनी, त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य निघालं. ‘चित्रकार म्हणाला होता, ते बोट आत दुमडून घे, बरं दिसत नाही. मी म्हटलं, राहू दे. घरचं आहे.’

काकूंनी पदराने नाक पुसलं. पायानेच स्टूल जवळ ओढलं आणि त्यावर बसल्या.

‘मग?’ त्या म्हणाल्या. ‘मग तो काय म्हणाला?’