कोपऱ्यातलं जाळं झाडायचं नाही

द्वारकाबाईंच्या दहाव्याला मी चुकीच्या मांडवात जाऊन बसलो आणि भलत्याच बाईंवर भाषण ठोकून आलो. पवनेच्या घाटावर त्या सकाळी दोन दहावे होते, दोन्ही बायकांचेच, आणि चष्मा मी घरी उशीखाली विसरलो होतो. आमच्या पिंपरी-चिंचवडकडे दहाव्याला पिंडाइतकाच भाषणांचा मान. माइकवाल्याने "कुणाला दोन शब्द बोलायचेत का" असं विचारलं मात्र, मी तडक उठलो. घोकूनच आलो होतो ना! म्हटलं, मंडळी, बाई गोड नव्हत्या. तापट होत्या, फटकळ होत्या, आणि त्यांचा राग ही त्यांची आयुष्याची कमाई होती. तपासणीच्या साहेबाला त्यांनी भर वर्गात गप्प केलं होतं... लोक माना डोलावत होते. मी खाली बसल्यावर मुंडण केलेला एक मुलगा जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, लई ब्येस बोलला. रागाचं तर समदं खरं हाय. पण आमची आई शाळंची पायरी कदी चढली न्हाई. तुमचा मांडव त्यो पल्याडचा."

धोतर सावरत पल्याडच्या मांडवात पोचलो, तर तिथे नानासाहेब बोलत होते. हे पूर्वी खडीचे ठेकेदार, आता पुढारी. "द्वारकाबाई म्हणजे शांत, सोशिक माउली. उभ्या जन्मात कुणाला वाकडा शब्द बोलल्या नाहीत." हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. ज्या माणसाने या बाईंच्या तोंडून वाकडाच काय, उभा-आडवा सगळा शब्द ऐकला होता, तो इथे पांढरी टोपी घालून त्यांना माउली करत होता! माणूस मेलं की त्याचा राग आधी जाळायचा आणि मग माणूस, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. आणि मी... माझ्याजवळचं सगळं खरं मी शेजारच्या मांडवात सांडून आलो होतो. म्हणून आता इथे लिहितो.

बासष्ट-त्रेसष्टचा सुमार. कारखान्यांच्या चिमण्या नुकत्या उभ्या राहत होत्या आणि आमची दोन खोल्यांची शाळा ओढ्याकाठी, ज्वारीच्या रानात होती. मी पुण्याहून नवा कोरा मास्तर म्हणून आलो, तो काखेत रंगीत तक्ता घेऊनच. प्राण्यांची घरे. सिंहाची गुहा, घोड्याचा तबेला, पोपटाची ढोली. मी छडी ठेवायची आणि पोरांनी ओरडायचं. तिसऱ्या ओरड्याला शेजारच्या खोलीतून द्वारकाबाई दारात. ठेंगण्या, नऊवारी, कपाळाला आठी कायमची. "मास्तर, इथं कुणाच्या बांधावर सिंह राहतो?" मी म्हटलं, "अभ्यासक्रमात आहे." "मग अभ्यासक्रमालाच सांगा गुहा दाखवायला," म्हणून त्यांनी दोन्ही वर्ग उठवले आणि ओढ्यावर नेले. बाभळीवरचा सुगरणीचा खोपा त्यांनी बोट न लावता दाखवला. वारुळापाशी पोरांना गप्प बसवलं आणि सांगितलं की पुस्तकात काही का असेना, हे बांधलंय वाळवीने, मुंग्या नि साप नंतरचे बिऱ्हाडकरू. मला वाटलं, आपणही काहीतरी दाखवावं. काठावर एक भोक दिसलं. "मुलांनो, हे उंदराचं बीळ," असं म्हणून मी आत दोन बोटं घातली. बीळ खेकड्याचं होतं आणि मालक घरात होता. पोरं हसून हसून चिखलात लोळली. बाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या बोटाला फडकं बांधता बांधता म्हणाल्या, "दार न वाजवता दुसऱ्याच्या घरात हात घातला की असंच होतं." पोरांनी हे वाक्य पाढ्यासारखं पाठ केलं. पुढे कित्येक दिवस मी वर्गात शिरताना कुणीतरी मागून म्हणायचंच, "दार वाजवा, गुरुजी!"

त्यांच्या वर्गात आणखी एक कायदा होता. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं आणि ते झाडायचं नाही. शनिवारी सगळी शाळा सारवून लख्ख, तेवढा कोपरा सोडून. एकदा तपासणीचे साहेब आले, त्यांनी वर पाहिलं आणि नाक मुरडलं. नोकरी टिकवायची मला भारी हौस. मी केरसुणी घेऊन बाकावर चढलो आणि एका फटकाऱ्यात जाळं साफ केलं. पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, मी कुणाची खोलीच पाडली. बाईंनी माझ्या हातातली केरसुणी हिसकावली. राग आला की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची. साहेबाकडे वळून म्हणाल्या, "त्ये घर व्हतं. पोरास्नी मी रोज दावत व्हते, कसं इनतो त्ये. आता बसा तुमी बी खाली, आन बघा पुन्यांदा कसं बांधतो." साहेब काहीतरी बोलायला गेले. "बसा म्हन्ते ना!" साहेब बसले. खरंच बसले. कोळी बराच वेळ आलाच नाही, आणि आला तेव्हा साहेब पोरांच्या आधी पुटपुटले, "आला, आला!"

पण माझ्या लेखी बाई म्हणजे तो दिवस, ज्या दिवशी शाळेमागची वस्ती पडली. कारखान्याचं बांधकाम करायला मराठवाड्यातून आलेली माणसं तिथे पत्रे ठोकून राहत. त्यांची पोरं आमच्या पहिलीत. खडीच्या ट्रकना तिथून रस्ता हवा होता. नानासाहेबांनी - तेव्हा नुसतेच नाना - आईबाप कामावर गेलेले बघून भरदुपारी पत्रे उपसून काढले. शाळेपर्यंत तो खडखडाट आला. बाईंचा प्राण्यांच्या घरांचाच धडा चालू होता. त्यांनी खडू ठेवला, वर्ग उठवला, मला म्हणाल्या, "तक्ता घ्या." पडलेल्या चुली, मडकी, गोधड्या यांच्यामध्ये त्यांनी पोरांना मांडी घालून बसवलं आणि ट्रकसमोर उभं राहून धडा पुढे सुरू केला. "खेकड्याचं?" "बीळ!" "सुगरणीचं?" "खोपा!" "वाळवीचं?" "वारूळ!" "आन कमळीचं?" कमळी पहिलीतली. तिच्याच घराच्या पत्र्यावर ती बसली होती. नाना पुढे येऊन हसत म्हणाले, "बाई, जरा शांत व्हा की."

"शांत?" बाईंचा आवाज ओढ्यापार गेला असेल. "कोळ्याचं जाळं मोडायच्या आदी माझी पोरं इचारत्यात. तू दार वाजवलं व्हतंस का रं? दाराला हात लावायची लाज वाटली म्हनून दारच उपटलंस? पत्रा हाय तिथं ठिव, न्हायतर आदी ह्या पोरांच्या अंगावरनं गाडी ने, मंग माझ्या!" ट्रक अंधार पडेतो हलला नाही. आईबाप परतल्यावर पत्रे पुन्हा उभे राहिले, थोडे सरकून, ओढ्याच्या बाजूला. रस्ता वळसा घालून गेला. तो वळसा आजही आहे; कंपनीच्या बस तिथे हळू होतात आणि आतल्या लोकांना का ते ठाऊक नसतं. त्या सबंध वेळात मी काय करत होतो? मी तक्ता धरून होतो. मोठा तक्ता होता. मागे माणूस अख्खा मावायचा.

त्याच महिन्यात बाईंची बदली कुरुळीला झाली. सकाळच्या एसटीने जायच्या, कंडक्टरशी भांडायच्या, तिथेही पोरांना घेऊन रानात फिरायच्या. कमळीचा बाप पुढे कंपनीत कायम झाला आणि कमळी आता स्वतः बालवाडी चालवते. बाई गेल्या त्यासुद्धा सकाळी दूधवाल्याला पाण्यावरून झापून, घरात येऊन, पाटावर बसल्या त्या बसल्याच. आणि नानासाहेब म्हणतात, शांत!

घाटावर त्या दिवशी कावळा शिवेना. पिंपळावर बसून नुसता कलकलाट करत होता. नानासाहेबांनी माइकवरून शब्द दिला, "बाईंच्या नावानं बालवाडी बांधू." कावळा ढिम्म. "दोन खोल्यांची बांधू." ढिम्म. शेवटी बाईंच्या थोरल्या बहीण, आक्का, काठी टेकत उठल्या. "वर बघा की जरा. घर हाय त्याचं झाडावर, पिल्लं असत्याल. तुमच्या भोंग्याच्या तोंडासमूर कसा यील त्यो? बंद करा त्यो भोंगा." भोंगा बंद झाला, नानासाहेबांचं वाक्य अर्ध्यात तुटलं, आणि कावळा खाली आला.

परवा आक्कांकडे गेलो होतो. बाईंची खोली तशीच आहे. खुंटीवर छत्री, फडताळात खडूंचे तुकडे, सगळं पुसून लख्ख, आणि वरच्या कोपऱ्यात जाळं. कोळी मध्यभागी बसलेला. मी आत शिरताना नकळत कडी वाजवली होती. आक्कांना म्हटलं, घाटावर बोलायचं राहिलं, आता पेपरात लिहितो, नानासाहेबांच्या नावासकट लिहितो. आक्का तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या,

"लिवा. तवा तक्त्यामागं उभं व्हता, आता पेपरामागं बसा."