चित्र नसलेले शब्द

मुलं तिला चित्रांच्या बाई म्हणतात आणि मला खडूच्या बाई. पहिलीचे दोन वर्ग, मध्ये पातळ भिंत. तिच्याकडे फळ्यातून हत्ती ओरडला की माझी पोरं पाटीवरून मान वर करून भिंतीकडे बघत बसायची, आणि मी भिंतीवर डस्टर आपटायचे. पलीकडून ती हसून आवाज बारीक करायची. आमचं भांडण म्हणजे एवढंच.

तो भिंतीएवढा स्मार्ट बोर्ड आला तेव्हा मी नाक मुरडलं आणि तिने त्याला जीव लावला. पहिल्याच वर्षी त्याचा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज हेडसरांच्या टेबलावर अजून म्हातारा होतोय. ही कसली थांबतेय! तिने स्वतःचा फोन फळ्याला जोडला. फोनवर जे दिसेल तेच फळ्यावर, हात-हातभर मोठं.

तिची पद्धत अशी. फळ्यावर पेन उमटायचं, खाली 'पेन' हा शब्द. मुलं ओरडून वाचायची. मग पेन हळूहळू पुसट होत जायचं आणि नुसता शब्द उरायचा. वर्गाचा नियम एकच होता: फळ्यावर जे उमटेल ते वाचायचं, बाईंनी सांगायची वाट बघायची नाही. जो कुणी पहिल्यांदा एकट्याने, चित्राशिवाय वाचेल, त्याने धावत जाऊन कोपऱ्यातल्या चांदणीला बोट लावायचं. मग फळाच टाळ्या वाजवायचा.

"ही पोरं चित्र वाचतात, अक्षर नाही," असं मी तिला ऐकवायचे, आणि पुरावा म्हणून चिमटीकडे बोट दाखवायचे. चिमटी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान चणीची मुलगी. पुस्तक पुढे ठेवलं की ही खाली फरशी बघणार. फळ्यावर चित्र आलं की सगळ्यांच्या आधी बोलणार, आणि चित्र पुसट झालं की तोंडाला कुलूप. अख्खं वर्ष सरत आलं तरी तिने एक शब्द वाचला नव्हता.

"ताई, जरा दम धरा हो," ती म्हणायची. "ती डोळ्यांनी शिकते. डोळ्यांचं काम चालू आहे, तोंडाला वेळ लागतोय."

मग एक दिवस शिक्षकांच्या खोलीत तिने दार लोटलं आणि मला सांगितलं की तिच्या छातीत गाठ लागतेय. सांगताना ती हसत होती, पण तिच्या हातातली बशी वाजत होती. तिची आई याच दुखण्याने गेलेली. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि त्यानंतरचे सगळे दिवस तिने कसे काढले ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. हत्तीचा आवाज रोजच्यासारखाच मोठा होता, तिचा मात्र बारीक होत चालला होता.

रिपोर्ट ज्या दिवशी मिळायचा होता त्या दिवशी ती शाळेत आलेली बघून मी तिच्यावर उखडलेच.

"अगं, वेड लागलंय का तुला? नवऱ्याबरोबर जायचं सोडून इथं काय करतेयस?"

"तिथं त्या खुर्चीवर बसून राहिले तर भीतीनंच मरेन, ताई. वर्गात असले की निदान श्वास तरी चालू राहतो." तिने आजूबाजूला बघितलं. "हे डॉक्टरांना भेटून मेसेज करणार आहेत. गाठ साधी असली तर 'सगळं ठीक' लिहायचं. आणि नसली तर... ते म्हणाले, मला नाही लिहवणार. मग मी म्हटलं, नुसतं 'घरी ये' लिहा."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मोजकं बोलणारा माणूस. त्याला असं दोन शब्दांवर आणून ठेवलं होतं तिने.

"तसलं काही येणार नाही," मी म्हटलं.

हेडसर बरेच दिवस माझ्या मागे लागले होते, की तिच्या वर्गात मागे बसा आणि फळा शिकून घ्या. मी टाळत होते. त्या दिवशी माझी पोरं खेळाच्या सरांच्या हवाली केली आणि जाऊन तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसले. फळ्याचं मला काय करायचं होतं! तिला एकटं सोडवेना, एवढंच.

तिने फोन फळ्याला जोडला, काहीतरी दाबलं आणि फोन टेबलावर ठेवला. मला नंतर कळलं ते असं. फोनवर एक चंद्राची खूण असते. ती रोज वर्ग सुरू करताना तो चंद्र लावायची, म्हणजे शिकवताना कुणाचा मेसेज मध्ये येत नाही. त्या दिवशी तिने चंद्र लावला नाही. फोन थरथरला की आपल्याला कळेल, इतकंच तिच्या डोक्यात होतं. फोनवर आलेलं फळ्यावरही येईल, हे रोज त्याच फोनवर शिकवणाऱ्या बाईला सुचलं नाही. भीतीने माणसाचं डोकं असं चालेनासं होतं.

धडा मात्रेचा होता. पेन, केस, शेत, मेज. चित्रं येत होती, पुसट होत होती, मुलं ओरडत होती. ती मुलांकडे तोंड करून उभी होती आणि दर दुसऱ्या शब्दाला तिची नजर टेबलाकडे जात होती. माझीही. कुणाचा तरी डबा बाकावरून पडला तेव्हा ती इतकी दचकली की पुढच्या रांगेतल्या मुली हसल्या. तीही हसली. मला ते हसणं बघवेना.

फोन थरथरला आणि टेबलावर बोटभर सरकला.

ती टेबलाकडे वळायच्या आत तिच्या पाठीमागे फळ्यावर वरून एक पट्टी उतरली. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं, हात-हातभर मोठी. मी वाचली आणि तशीच बाकावर राहिले. उठावं, फळा बंद करावा, ओरडावं, काहीच सुचेना. मुलं गप्प होती. शब्द होते पण चित्र नव्हतं, त्यामुळे पोरं गोंधळली होती. आणि तेवढ्यात चिमटी उभी राहिली.

"घ... री," ती म्हणाली. "घरी. ये." मग वर्गभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, "घरी ये!"

तिला ते तिच्या नवऱ्याकडून कळलं नाही. डॉक्टरांकडून नाही, फोनवरूनही नाही. फळ्याकडे पाठ करून उभी असताना तिला ते चिमटीच्या तोंडून कळलं.

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. चिमटी बाकांमधून धावत गेली, टाचा उंचावून चांदणीला बोट लावलं आणि फळाही टाळ्या वाजवायला लागला. तो थांबेचना. मला वाटलं, हातात डस्टर असतं तर ते मी त्या फळ्यावर फेकून मारलं असतं.

ती खाली बसली. म्हणजे पडलीच, पण मुलांना वाटावं की चिमटीला जवळ घ्यायला बसली. "शाब्बास," ती म्हणाली. "शाब्बास गं माझी बाय."

"बाई, याचं चित्र कुठंय?" चिमटीने विचारलं.

"याला चित्र नसतं," ती म्हणाली.

मग तिने टेबलावरचा फोन उचलून फळ्यापासून तोडला. फळा कोरा निळा झाला. "ताई, वर्ग बघा," एवढंच म्हणून ती गेली, आणि मी चाळीस डोळ्यांसमोर उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वर्ग माझ्याकडे आले. मी खडूने शिकवत राहिले. चिमटी खडूच्या फळ्याकडे बघेना, निळ्या फळ्याकडे तर नाहीच. बाकावर हाताची घडी, घडीत डोकं. समोर केळ्याचं चित्र धरलं तरी मान वर करेना. शेवटी मी तिच्याजवळ बसले, जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काय झालंय गं तुला?"

घडीतूनच आवाज आला. "मी वाचलं म्हणून बाई गेल्या."

मी तिला सांगितलं की तसं नसतं, बाईंना बरं नाहीये, तुझं काही चुकलं नाही. दहा प्रकारे सांगितलं. पण ती डोळ्यांनी शिकणारी पोर. तिने वाचलं आणि बाई दारातून निघून गेल्या, हे तिने स्वतः पाहिलं होतं. त्यापुढे माझं तोंडी सांगणं कुठं टिकणार?

चिमटीचं हे बोलणं दवाखान्यात तिच्या कानावर घालायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं. पण फोन केला आणि बोलून गेले. ती म्हणाली, "ताई, तुमचा फोन फळ्याला जोडायचा. लिहून घेऊ नका, हातात घेऊन करून बघा. मी सांगते." त्या आजारी बाईने दवाखान्यातल्या खाटेवरून मला धडा दिला. मी चुकत होते, ती परत सांगत होती. शेवटी म्हणाली, "आणि चंद्र लावू नका."

सकाळी मी फोन फळ्याला जोडला. मुलं खडूच्या बाईंची फजिती बघायला टपून बसली होती. मी पेनाचं चित्र लावलं. मुलांनी वाचलं. चिमटीचं डोकं घडीतच. मी घड्याळाकडे बघत होते. तिकडे तिला ऑपरेशनला आत न्यायची वेळ होत आली होती. लिहायला विसरली असेल, नेली असेल, काय काय मनात येत होतं.

माझ्या हातातला फोन थरथरला. पट्टी उतरली.

मुलं चित्र शोधत राहिली. चित्र नव्हतं. चिमटीने आधी एक डोळा वर केला, मग सगळं तोंड.

"मी... ये... ते," ती म्हणाली. "मी येते."

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. चिमटी चांदणीकडे गेली नाही. ती माझ्याकडे वळली.

"कधी?"

मी फळ्याकडे वळले. पट्टी सरकून निघून गेली होती. मुलं मान वर करून, पुढे काय उमटतंय ते वाचायला तयार बसली होती.