सणांचा तक्ता

आमच्या लॅबच्या टी-रूममध्ये फ्रिजच्या दारावर एक तक्ता असतो. दिवाळी, ईद, नाताळ, चिनी नवं वर्ष असे रकाने आणि त्यांखाली आमची नावं. ज्याचा जो सण, त्या दिवशी त्याला सुट्टी. बाकीच्यांनी त्याचं काम ओढायचं. मॅनेजरबाई चार पिढ्यांच्या ऑस्ट्रेलियन. तक्ता त्यांनीच सुरू केला आणि त्यांना त्याचा भारी अभिमान. पाहुणे आले की रक्त तपासायची मशीनं राहतात बाजूला, आधी फ्रिजचं दार दाखवतात. नाना देशांतून आलेली माणसं इथे एकत्र नांदतात की आपापले कळप करून बसतात, यावर रेडिओवर तावातावाने वाद चालतो. मी ट्रेनमध्ये दोन मिनिटं ऐकते आणि बंद करते. मला जे काही कळलं ते त्या दारापाशी कळलं, आणि ते सांगताना मला माझीच लाज वाटते.

मी वसईची. आम्ही ख्रिस्ती, घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, भांडणंही मराठीतच. अ‍ॅडलेडला युनिव्हर्सिटीत शिकले, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर सिडनीला आले, वेस्टमीडला छोटं युनिट भाड्याने घेतलं आणि दोन स्टेशनं पलीकडच्या या खाजगी लॅबमध्ये लागले. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरबाईंनी विचारलं, "तू दिवाळी करतेस ना?" मी हो म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं. वसईला शेजारच्या घरांतून आमच्याकडे फराळाचं ताट यायचं आणि नाताळात आमचं ताट त्यांच्याकडे जायचं. दिवाळी करत नाही असं तोंडावर सांगणं मला उद्धटपणाचं वाटलं. शिवाय लॅबमध्ये पुण्याची एकजण होती, या शहरातली माझी एकुलती एक मराठी ओळख. ती म्हणाली, "एकटी काय करणारेस? ये घरी, चकल्या तळू." माझं नाव दिवाळीच्या रकान्यात गेलं आणि नाताळच्या सकाळची शिफ्ट माझ्या गळ्यात पडली.

सहा वर्षं हे चाललं. तोंड उघडलं असतं तर एका दिवसात सुटलं असतं. पण त्या चकल्यांची, त्या गप्पांची मला चटक लागली होती. वर्षातून एक दिवस का होईना, कुणीतरी मला आपल्यात धरत होतं. म्हणून मी मूग गिळून बसले.

सातव्या वर्षी आई आली. बाबा गेल्यानंतरचा तिचा पहिला नाताळ. व्हिसा तीन महिन्यांचा, गुडघे कामातून गेलेले. ती पुन्हा येणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. तिचं मागणं एकच होतं. "तो ऑपेरा-बिपेरा राहू दे. चर्चमध्ये नाताळच्या मिस्साला माझ्या शेजारी बस आणि मग घरी आपण दोघी जेवू." कबूल केल्यावर मला शिफ्ट आठवली.

आधी पुण्याच्या मैत्रिणीला विचारलं. तिला सगळं सांगावं लागलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे तू ख्रिश्चन आहेस? आणि सहा वर्षं माझ्या घरी लक्ष्मीपूजनाला बसलीस?"

"अगं, आमच्याकडे शेजारी सगळेच..."

"नाही नाही, सीरियसली. दिवाळीची सुट्टी पण तुला, आता ख्रिसमसची पण तुलाच. दोन्ही डगरींवर हात! बाकीचे मूर्ख म्हणून तुला कव्हर करत बसले."

त्यानंतर ती माझ्याशी फक्त नमुन्यांबद्दल बोलायची. मला तिचा राग आला आणि आजही येतो, पण ती अगदीच चुकीचं बोलली नव्हती हेही खरं.

मॅनेजरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना मात्र वाईट वाटलं. त्यांनी लगेच माझं नाव खोडून नाताळखाली लिहिलं. पण शिफ्ट तर लागलेली. ती घेणारी व्यक्ती मीच शोधायची होती. ईदच्या रकान्यात एक नवी बाई होती. इराकमधून निर्वासित म्हणून आलेली, फोनवर अरबी बोलायची, सहा महिन्यांच्या करारावर. तिलाच का विचारलं? ती नाही म्हणू शकणार नाही म्हणून. तेव्हा मी हे स्वतःशीही कबूल केलं नसतं. "तुझा तर सण नाही ना?" असंही मी वर हसून म्हणाले. तिने क्षणभर तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नो वरीज."

नाताळच्या सकाळी आईच्या शेजारी बसले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. फादर व्हिएतनामी, गाणारे फिलिपिनो, पुढच्या बाकावर एक सुदानी कुटुंब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आई खालच्या आवाजात सगळं मराठीत म्हणत होती आणि कुणाचंच त्याने अडत नव्हतं. रेडिओवरच्या माणसांना इथे आणून बसवावं असं मला वाटलं. इतकी खूश मी बऱ्याच वर्षांत नव्हते.

घरी परतताना आईने विचारलं, "तुझ्या जागी कोण राबतंय आज?"

"एक मुसलमान बाई आहे."

"मग तिला ताट नको?"

नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, आणि शंकरपाळ्यांसारखे गोड कलकल आईने आठवडाभर खपून केले होते. तिने ताट भरलं, वर क्रोशाचा रुमाल घातला. केकचा तुकडा ठेवता ठेवता थांबली. "यात रम आहे गं. तिला चालायचं नाही." तो तिने परत डब्यात ठेवला. गुडघे धरत ती माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालली आणि ट्रेनने लॅबपर्यंत आली.

टी-रूममध्ये ती इराकी बाई एकटीच होती. फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलेला. पडद्यावर वेदी, मेणबत्त्या, जरीच्या झग्यातला धर्मगुरू, कुठल्याशा जुन्या भाषेतलं गाणं. आम्हाला पाहून ती दचकली. मग तिने पडद्यावर नख ठेवलं. "माझी मुलगी. इथल्याच आमच्या चर्चमध्ये, दुसऱ्या रांगेत. आज पहिल्यांदा गातेय."

आईला एक अक्षर समजलं नव्हतं, पण पडद्यावर प्याला उंचावला गेला तशी तिने ताट खाली ठेवलं आणि क्रूसाची खूण केली. त्याच क्षणी त्या बाईनेही केली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आई माझ्याकडे वळली. "ही आपल्यातलीच आहे. मग तू घरी कशी, आणि ही इथे कशी?"

मी बाईला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आणि आमच्या गावात एकदा घराघरांची यादी झाली होती, कोण कुठल्या धर्माचं त्याची. नंतर ती यादी घेऊन माणसं आली. तेव्हापासून मी कुठल्या कागदावर लिहीत नाही." तिने एक नेवरी उचलली, आईकडे बघून हसली आणि पुन्हा फोनकडे वळली. गाणं संपत आलं होतं.

घरी मी पानं वाढली. आईने भात चिवडला आणि उठली. रागावली नाही, रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. जानेवारीअखेर ती वसईला परतली.

पुढच्या नोव्हेंबरात मॅनेजरबाई पेन घेऊन फ्रिजपाशी उभ्या राहिल्या. "कुणाचं काही बदलायचंय का?" नाताळच्या रकान्यात तीन नावं होती आणि सुट्टी तिघांनाच मिळते. इराकी बाईचा करार वाढला होता; तिचं चौथं नाव आलं असतं तर पाळ्या लागल्या असत्या, आणि यंदा कामाची पाळी माझ्यावरच आली असती. तिला लिहायची भीती होती, मला तर नव्हती. तिला बाजूला घेऊन मी विचारू शकले असते. पण पुण्याच्या मैत्रिणीचं दार बंद झालं होतं. नाताळ गेला असता तर माझ्याकडे कुठलाच रकाना उरला नसता. इराकी बाई कपाकडे बघत बसली होती. मीही माझ्या कपाकडे बघत बसले. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

त्या रविवारी आईचा फोन आला. गुडघ्यांचं झालं, शेजाऱ्यांचं झालं. मग तिने विचारलं, "त्या बाईला यंदा नाताळची सुट्टी मिळाली ना?"

"हो आई, मिळाली."

"तू बोललीस ना तिच्यासाठी?"

"बोलले."

"देव तुझं भलं करो गं बाय," आई म्हणाली.