शेवंताची लेक

नातवासाठी दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवली, की त्या वासासरशी मी श्रीगोंद्याजवळच्या दुष्काळी कामावर पोचते. बाहत्तर साल होतं. बावीस वर्षांची मी मुलांसाठीच्या एका परदेशी संस्थेतर्फे तिथे दूध वाटायचे. खडी फोडणाऱ्या शेवंताची दीड वर्षांची लेक माझ्याच हातून दूध प्यायची आणि मांडीवर झोपून जायची.

एका दुपारी शेवंता हळूच म्हणाली, "बाई, हिला तुमीच घिऊन जावा. तुमच्यापाशी जगंल तरी."

मी घाबरले. "अहो, माझं अजून लग्नही नाही झालं."

"व्हय, खरं हाय," म्हणत ती कसनुशी हसली आणि निजलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन उन्हात गेली.

पुढच्या आठवड्यात ती माणसं दुसऱ्या कामावर गेली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, निदान तिचं गाव तरी विचारायला हवं होतं.